फडताळातील गाणे

आपल्या सुशिक्षित समाजात धनिकांचा एक वर्ग असा आहे की, ज्याच्या धनाची नोंद कोणत्याही पेढीच्या वहीत सापडावयाची नाही. हे धन जुन्या घरातील फडताळात, पुठ्ठ्याच्या चौकोनी खोक्यांत, पाव इंच रुंदीच्या तपकिरी फितीच्या रूपाने गुंडाळून ठेवलेले असते. खोक्याच्या पाठीवर शाईने रागाचे नाव, गवयाचे नाव आणि तारीख लिहिलेली असते. आपण अशा एखाद्या गृहस्थाकडे गेलो की चहा होतो, जुन्या बैठकींच्या आठवणी निघतात, आणि फारच आग्रह झाला तर टेपरेकॉर्डरवरील आच्छादन दूर होऊन एक फीत लावली जाते. तंबोऱ्यांचा झंकार भरतो, षड्ज लागतो, विलंबित ख्यालाची दोन आवर्तने होतात, दुसऱ्या समेवर आपली मान हलते न हलते तोच यजमान खटका दाबून यंत्र बंद करतात आणि प्रसन्न मुद्रेने म्हणतात, "असे गाणे आता कोठले!" इतके झाल्यावर फीत पुन्हा खोक्यात, खोके फडताळात आणि किल्ली कनवटीस जाते.

या गृहस्थांस उद्देशून आज चार शब्द लिहावयाचे आहेत. ते कडू लागतील याची आम्हांस कल्पना आहे. ज्यांच्या घरचा चहा आम्ही घेतला त्यांच्याविषयीच हे लिहीत आहो, हेही आम्ही विसरलो नाही. परंतु पुढे दिसेल त्याप्रमाणे या प्रकरणातील आरोपींच्या यादीत आमचेही नाव आहे. आमचे म्हणणे थोडक्यात असे की, घरगुती बैठकींच्या या ध्वनिफिती म्हणजे त्या त्या घराची मालमत्ता नव्हे. ती ठेव आहे. ठेव सांभाळणे आणि ती मागावयास येणाऱ्याच्या हाती देणे, ही दोन्ही कर्तव्ये ठेवदारास एकदमच लागू होतात. आमचे रसिक यांपैकी दुसरे कर्तव्य मुळीच मानीत नाहीत आणि पहिले पार पाडल्याच्या भ्रमात असतात.

ही ठेव केवढ्या मोलाची आहे ते प्रथम पाहू. पाश्चात्त्यांच्या संगीतात सभागृहासाठी रचलेले वाद्यवृंदाचे संगीत निराळे आणि चार-पाच वादकांनी दिवाणखान्यात बसून वाजवावयाचे संगीत निराळे. आपल्याकडे हा भेद करण्याचे कारणच पडले नाही. आपले रागसंगीत जन्मतःच दिवाणखान्याचे आहे. पन्नास-साठ जाणकार, मध्ये गवई, मागे दोन तंबोरे, एका अंगास तबला, दुसऱ्या अंगास सारंगी अथवा पेटी. एवढाच त्याचा संसार. श्रोत्याच्या डोळ्यांतील ओळख पाहून गवयाने एखादी जागा पुन्हा घ्यावी आणि तीत पहिल्या खेपेस नसलेले काही सापडावे, हे बैठकीतच घडावयाचे. मांडवात दहा हजार श्रोत्यांपुढे, ध्वनिक्षेपकांच्या भिंतीआडून तेच गाणे येते तेव्हा ते थोर असू शकते, परंतु ते निराळे असते.

या बैठकीचा पुरावा आपल्यापाशी काय आहे? १९०२ साली फ्रेड गायसबर्ग याने कलकत्त्यास गौहरजानचे गाणे तबकडीवर घेतले आणि आपल्याकडे ध्वनिमुद्रणाचे युग सुरू झाले. परंतु ती तबकडी तीन-साडेतीन मिनिटांची. ज्या रागाची बढत तासभर चालावयाची तो तेवढ्यात आवरावयाचा म्हणजे नदी घागरीत भरावयाची. घागरीतील पाणी नदीचेच असते हे खरे, पण त्यावरून नदीचा प्रवाह कळत नाही. शिवाय ही घागरही सर्वांच्या वाट्यास आली नाही. पुण्यात भारत गायन समाजाची स्थापना करणारे, बालगंधर्व व मास्तर कृष्णराव यांसारखे शिष्य घडविणारे भास्करबुवा बखले १९२२ साली गेले. त्यांचा आवाज आज कोणासही ऐकावयास मिळत नाही. जयपूर घराण्याचे प्रवर्तक अल्लादियाखाँ १९४६ पर्यंत हयात होते, मुंबईसारख्या शहरात वावरत होते, तबकड्यांचा व्यापार भर जोरात होता. तरी त्यांच्या गाण्याची एक तबकडी मागे राहिली नाही. या दोन महापुरुषांविषयी आपण जे बोलतो ते सारे ऐकीव आहे. ऐकण्याच्याच कलेत थोरांविषयी केवळ ऐकीव बोलावे लागावे, याहून मोठे दारिद्र्य कोणते?

हे दारिद्र्य फिटण्याची सोय चुंबकीय फितीने केली. १९३५ साली बर्लिनच्या प्रदर्शनात जर्मनांनी हे यंत्र मांडले, महायुद्धानंतर त्याचा जगभर प्रसार झाला, आणि पन्नास-साठच्या दशकांत ग्रुंडिग, फिलिप्स अशा नावांची जड पेटीवजा यंत्रे पुण्या-मुंबईच्या काही हौशी घरांत येऊन पोहोचली. परदेशातून येणाऱ्या आप्ताच्या हातापाया पडून ती मागवावी लागत, फितीही महाग. पण बाराशे फुटांचे सात इंची रीळ सेकंदास पावणेचार इंच या गतीने चालविले की एका बाजूस तासाहून थोडा अधिक वेळ सलग मुद्रण होई. इतिहासात प्रथमच विलंबित ख्याल आरंभापासून अखेरपर्यंत, मध्ये कात्री न लागता, टिकून राहण्याची शक्यता निर्माण झाली. राग तर टिकलाच. त्याबरोबर तबल्यावर हातोडी पडल्याचा आवाज, गवयाचे खोकणे, कोण्या वृद्धाच्या तोंडून नकळत गेलेला "अहाहा", दोन रागांमधील थट्टा, एखाद्या बंदिशीचा पाठभेद सांगतानाचे चार शब्द, हे सारे टिकले. आकाशवाणीच्या मुद्रणात हे नसते. तेथे घड्याळ समोर असते. म्हणून आम्ही म्हणतो की, बैठकीच्या गाण्याचा खरा दस्तऐवज असेल तर तो या घरगुती फितींतच आहे.

आणि हा दस्तऐवज मर्त्य आहे. फीत म्हणजे एक पातळ पट्टी, तीवर लोहाच्या भस्माचा लेप, आणि तो लेप धरून ठेवणारा चिकट पदार्थ. जुन्या फितींची पट्टी अ‍ॅसिटेटची असे. ती दमट हवेत हळूहळू कुजते, तिला व्हिनेगरसारखा आंबूस वास सुटतो, ती आखडते आणि शेवटी पापडासारखी तुटते. आणि एका फितीचा हा रोग जवळच्या फितींतही फैलावतो. नंतरच्या काळातील पॉलिएस्टरच्या काही फितींचा लेपच ओल शोषून चिकट होतो. यंत्रावर चढविताच तो खरवडून निघतो आणि त्याबरोबर गाणेही निघून जाते. वर्षानुवर्षे न हलविलेल्या रिळात एका वेढ्यावरील स्वराचा ठसा शेजारच्या वेढ्यावर उमटतो, आणि मग गवयाने स्वर लावण्यापूर्वीच त्या स्वराचे भूत ऐकू येते. बरे, फीत शाबूत राहिली तरी ती वाजवावयाची कशावर? यंत्रांचे पट्टे विरले, शिरोभाग झिजले, सुटे भाग मिळेनासे झाले आणि दुरुस्त करणारे हात थकले. १९२५ च्या तबकडीसाठी आज सुई मिळते. १९६५ च्या फितीसाठी चालते यंत्र मिळविताना नाकी नऊ येतात. २०१९ साली युनेस्कोने या विषयात जगभर इशारा दिला, तेव्हा फिती वाजविता येण्याची मुदत जाणत्यांनी २०२५ च्या आसपास सांगितली होती. ती मुदत उलटली आहे. आता जे चालले आहे ते उसन्या वेळावर चालले आहे.

इतके सर्व दिसत असता फडताळांचे मालक स्वस्थ का बसतात? त्यांची उत्तरे आम्ही अनेकांच्या तोंडून ऐकली आहेत. एकेकाचा विचार करू.

पहिले उत्तर असे की, "यंत्रातले गाणे म्हणजे गाणे नव्हेच, समोर बसून ऐकावे ते गाणे." हे तत्त्व आम्हांस मान्य आहे. परंतु हेच ज्यांस मान्य आहे त्यांनी फिती कुलपात कशास ठेवाव्या? ज्या वस्तूस किंमत नाही तिला कुलूप लागत नाही. बैठकीची जागा फीत घेणार नाही हे खरे. पण बैठक संपून साठ वर्षे झाली आणि गवई निवर्तला, म्हणजे फितीशी तुलना करावयास बैठक शिल्लक कोठे राहते? तुलना उरते ती फीत आणि शांतता यांची.

दुसरे उत्तर कोणी उघड देत नाही, पण ते पुष्कळांच्या मनात असते. "माझ्यापाशी आहे ते सर्वांपाशी झाले, तर माझ्यापाशी काय राहिले?" हा स्वभाव आपल्या संगीतात नवा नाही. बंदिशी मुलीच्या लग्नात आंदण म्हणून देणारे आणि शिष्यास अंतरा चोरून शिकविणारे उस्ताद होऊन गेले. पण त्यांची बाजू तरी होती. विद्या हीच त्यांची भाकरी होती. आमच्या रसिक संग्राहकास निवृत्तिवेतन आहे, सदनिका आहे. त्याची भाकरी कोणीही हिरावून घेत नाही. विष्णु नारायण भातखंडे यांनी उस्तादांचे उंबरे झिजवून मिळविलेल्या शेकडो चिजा स्वरलिपीत छापल्या आणि चार आण्यांच्या विद्यार्थ्यासही खुल्या केल्या; त्यामुळे उस्ताद लहान झाले नाहीत. मग केवळ खटका दाबण्याचे श्रम ज्याने केले, त्यास उस्तादाची कृपणता शोभत नाही.

तिसरे उत्तर अलीकडचे आहे. "खरा स्वर रिळातच, संगणकात घातला की त्याचा प्राण जातो." या पंथाचे लोक आता मोठ्या किमतीची जुनी यंत्रे विकत घेतात आणि रिळे फिरताना पाहण्यात तल्लीन होतात. आम्हांसही ती दोन चाके फिरताना पाहणे आवडते. परंतु मूळ फीत प्रत्येक खेपेस वाजविली की झिजते; तिच्यावर प्रेम करणे म्हणजे ती रोज वाजविणे नव्हे. उत्तम नक्कल एकदा करून घ्यावी, मूळ फीत कोरड्या थंड जागी निजवावी आणि नक्कल मनसोक्त ऐकावी. देवाची मूळ मूर्ती गाभाऱ्यात राहते आणि पालखीत उत्सवमूर्ती बसते, यात देवाचा अपमान झाला असे आपल्या पूर्वजांस वाटले नाही.

चौथा आक्षेप मात्र वजनदार आहे, आणि त्यास उडवाउडवीचे उत्तर देणे अप्रामाणिकपणाचे होईल. "गवयाने त्या रात्री आमच्यासाठी गायिले, जगासाठी नव्हे. त्याची संमती कोठे आहे?" केसरबाई केरकर ध्वनिमुद्रणाच्या बाबतीत किती काटेकोर होत्या हे सर्वश्रुत आहे. त्यांच्याच भैरवीची एक छोटी तबकडी १९७७ साली व्हॉयेजर यानाबरोबर ताऱ्यांच्या प्रदेशात गेली. पण ती त्यांनी स्वतः दिलेली तबकडी होती. गादीखाली यंत्र लपवून घेतलेल्या मुद्रणास हा दाखला लागू पडत नाही. कायदाही या बाजूस काही बोलतो. १९९४ च्या दुरुस्तीने आपल्या प्रतिमुद्राधिकाराच्या कायद्यात प्रयोग करणाऱ्या कलावंताचा हक्क आला. स्वतःच्या खासगी उपयोगासाठी केलेले मुद्रण तो दोषास्पद मानीत नाही, परंतु त्याची विक्री ही निराळी गोष्ट आहे. आमचे उत्तर असे: नक्कल करून जतन करणे, अभ्यासकास ऐकू देणे आणि बाजारात अथवा आंतरजालावर सोडून देणे या तीन पायऱ्या भिन्न आहेत. पहिलीस कोणाचीही हरकत असण्याचे कारण नाही. दुसरीसाठी गवयाच्या वारसांस वा शिष्यांस विचारावे. आणि त्यांच्या घरी आपल्या फितीची एक प्रत पोहोचवावी, कारण पुष्कळदा नातवंडांपाशी आजोबांचा आवाज नसतो आणि परक्याच्या फडताळात असतो. तिसरी पायरी त्यांच्या संमतीवाचून कधीही चढू नये. परंतु तिसऱ्या पायरीची भीती सांगून पहिलीच न चढणारा मनुष्य गवयाच्या हक्काचे रक्षण करीत नाही; तो आपल्या आळसास गवयाचे नाव देतो.

या ठिकाणी दुसऱ्या टोकाच्या लोकांसही एक शब्द सांगणे जरूर आहे. हाती आलेली प्रत्येक फीत तपासल्यावाचून आंतरजालावर ओतणारे उदार गृहस्थ आता बरेच झाले आहेत. त्यांच्या औदार्यात गवयाचे नाव चुकते, तबलजीचे गळते, साल कोणी सांगत नाही आणि आलाप कंटाळवाणा म्हणून छाटला जातो. बॅटरी उतरलेल्या यंत्रावर घेतलेली फीत पूर्ण गतीने वाजविली की स्वर चढतो. मग काळी एकमध्ये गाणारा गवई पांढरी दोनमध्ये गाताना ऐकू येतो, आणि शिकाऊ पोर त्या चढलेल्या लयीसच त्या घराण्याची लय समजते. कृपणाने धन पुरले, उधळ्याने खोटे नाणे पाडले; नुकसान दोघांनीही केले.

आता आमच्या स्वतःच्या अपराधाकडे वळतो.

नसरापूरहून वेल्ह्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर मार्गासनी हे गाव आहे. राजगडाकडे जाणारी वाट येथून फुटते. आमच्या मामांचे वडिलोपार्जित घर या गावी. मामा पुण्यास नोकरीत होते, त्यांच्या बिऱ्हाडी आणि स्नेह्यांच्या वाड्यांत गाणी होत, आणि त्यांनी ती १९६१ पासून बारा-तेरा वर्षे फितीवर घेतली. गवयास सांगून, यंत्र समोर ठेवून घेतली. निवृत्तीनंतर ते मार्गासनीस जाऊन राहिले आणि बेचाळीस रिळे त्यांच्याबरोबर गेली. महाविद्यालयात शिकत असता आम्ही स्वारगेटहून वेल्ह्याची एस. टी. पकडून रविवारी तेथे जात असू. बाहेर गुंजवणीच्या खोऱ्यात पाऊस कोसळत आहे, वीज येते-जाते आहे, आणि वीज आहे तोवर मामा मिया मल्हार ऐकवीत आहेत, असे दिवस आम्ही अनुभवले. रागसंगीताची आमची सारी ओळख तेथली आहे. एकदा आम्ही म्हटले, "मामा, याच्या कॅसेट करून घेऊ या का?" ते म्हणाले, "अरे, ऐकावेसे वाटले की तू येतोसच ना? मग कॅसेट कशाला?" आम्हांस त्या वेळी हे उत्तर फार सुंदर वाटले.

मामा २००९ साली गेले. २०१६ च्या दिवाळीत मामींनी किल्ली आमच्या हाती ठेवून सांगितले, "तूच ने बाबा हे सगळे. मला आता चढून काढवत नाही, आणि ऐकवतही नाही." आम्ही म्हटले, परीक्षा उरकल्या की नेतो. परीक्षा उरकल्या, उत्तरपत्रिका आल्या, पुन्हा परीक्षा आल्या. तीन पावसाळे गेले. २०१९ चा पाऊस पुणे जिल्ह्यास आठवत असेल. दसऱ्यानंतर आम्ही फडताळ उघडले तेव्हा मागील भिंतीस ओल उतरली होती. खोक्यांवर पांढरी बुरशी होती आणि तो आंबूस वास अंगावर आला. बेचाळीसांपैकी अकरा रिळे पूर्ण वाचली, नऊ तुकड्या-तुकड्यांनी हाती लागली, बावीस गेली. पुण्यातील एका जाणत्या कारागिराने महिनाभर खपून हे केले. अ‍ॅसिटेटच्या फितीस उष्णतेचा उपचार चालत नाही, हे त्याने सांगितले नसते तर अतिउत्साहात आम्ही उरलेल्याही जाळल्या असत्या.

वाचली ती आणखी एक वस्तू म्हणजे मामांची वही. पुठ्ठ्याच्या बांधणीची, रेघा मारलेली. प्रत्येक रिळाचा क्रमांक, तारीख, स्थळ, गवई, साथीदार, राग, चिजेचे धृपद, आणि कडेला मामांचा शेरा. सतराव्या रिळासमोर "पहाटे चारला ललत, कोणी उठले नाही" असे लिहिले आहे. सतरावे रीळ बावीसांपैकी आहे. मामांनी ते आम्हांस कधी ऐकविले नव्हते. का नाही, हे विचारावयासही आता कोणी नाही. तो ललत कसा होता हे आता पृथ्वीच्या पाठीवर कोणास माहीत नाही, आणि त्यास कारण पाऊस नव्हे, आम्ही आहो.

मार्गासनीहून परतताना राजगडाकडे पाहून आम्हांस इतिहासाचार्य राजवाडे आठवले. १८९८ साली त्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड छापला आणि पुढे आयुष्यभर घरोघरच्या दप्तरांमागे वणवण केली. तेव्हाही कुळांचे मालक हेच म्हणत होते: कागद आमच्या घरचे आहेत, दाखविणार नाही. कित्येक दप्तरे वाळवीने खाल्ली, कित्येक रद्दीत गेली. आज त्या मालकांस आपण काय म्हणतो? आणि त्यांची नावे तरी कोणास ठाऊक आहेत? ज्यांनी कागद बाहेर दिले त्यांच्या घराण्यांची नावे मात्र खंडोखंडी छापलेली आहेत. १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ निघाले आणि कागदांस घर मिळाले. फितींसही घरे नाहीत असे नाही. मुंबईस नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्सचा संग्रह आहे, सत्यशील देशपांडे यांनी 'संवाद फाउंडेशन'च्या द्वारे बैठकींची मुद्रणे कष्टाने जमविली आहेत, १९८२ साली संगीताच्या अभ्यासासाठी स्थापन झालेले संग्रहालय आता गुरुग्रामला आहे. उणीव घरांची नसून देणाऱ्या हातांची आहे.

म्हणून आमची मागणी लहान आहे. ज्यांच्या घरी फिती असतील त्यांनी त्या माळ्यावरून आणि बाहेरच्या भिंतीच्या फडताळातून आज काढाव्या. आंबूस वास येणाऱ्या निराळ्या ठेवाव्या. उत्सुकतेपोटी कोणत्याही यंत्रावर चढवू नयेत. जाणत्याकडून एकदाच, योग्य गतीने, तंबोऱ्याचा स्वर पारखून, न छाटता नक्कल करून घ्यावी. खोक्यावरील प्रत्येक अक्षर उतरून घ्यावे आणि घरातील वृद्धास त्या रात्रीविषयी जे आठवत असेल ते त्याच्या तोंडून लिहून घ्यावे. मग एक प्रत गवयाच्या घरी, एक संग्रहालयात आणि एक आपल्यापाशी. यास एका घरगुती समारंभाहून अधिक खर्च येत नाही आणि कमीच अक्षता पडतात.

बैल गेला आणि झोपा केला, ही म्हण आम्ही आता दुसऱ्यास सांगावयास लायक राहिलो नाही. परंतु ज्यांच्या गोठ्यात बैल अजून उभा आहे, त्यांनी हा लेख वाचून संपविण्यापूर्वी उठून किल्ली शोधावी, एवढे सांगण्याचा अधिकार आम्हांस आमच्या बावीस रिळांनी दिला आहे असे वाटते. पुढचा पावसाळा फार दूर नाही.